नुसती बॉडी

इतवारीत मुफद्दलभाईंनी काचेवर हिरवा फडका अंथरला,
वर निकॉन ठेवला, एफएम टू,
सोनार मोडीतला गोफ ठेवतो तसा, अलगद.
"नुसती बॉडी बावीस हजार. लेन्स वेगळी."
सेल मेले तरी शटर मरत नाही, म्हणाले,
सेकंदाचा चार हजारावा भाग,
उडत्या पाखराचं पीस मोजून घ्या.
आमच्या भिवापूरच्या सातऱ्यावर उडतं कोण?
बाया बसलेल्या असतात मिरचीचे देठ खुडत,
सकाळी आठपासून. मी त्यांची हजेरी मांडते.
त्यांना साठावा भाग पुष्कळ झाला.

उमरेडला भंगारात झेनिट होता,
रशियाचा, नळाच्या तोट्यांसोबत एका पोत्यात.
त्यानं सरळ काट्यावर टाकला.
"लोखंडात धरू का पितळेत, सांग बाई."
खटका दाबला तर गोठ्याचं कवाड आपटल्यागत आवाज,
आणि आत डोकावलं तर
भर दुपारी तिन्हीसांज.

तिसरा गावातच निघाला.
बसस्टँडमागं लिहितकर फोटो स्टुडिओ,
भिंतीवर रंगवलेला धबधबा,
खालचं पाणी उंदरांनी नेलेलं.
पंचफुलाकाकूंनी तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला
आणि पेन्टॅक्स के थाउजंड बाहेर काढला, दाणे झटकून.
"ओल लागू नाई म्हनून. दर दिवाळीले तांदूळ बदलत जा,
येवढंच सांगून गेले थे. बारा वर्सं बदलले म्या."

हजारावर थांबतो, चार हजारांवर नाही.
मीटरला बंद करायचं बटणच नाही,
टोपण घातलं की निजतं,
डाल्याखाली कोंबडी निजते तसं.
एक सेकंद लावून कानाशी धरला: दीड भरला.
म्हातारा माणूस उंबरा ओलांडताना घेतो
तेवढा जास्तीचा वेळ.

वहीत मी तिघांचे रकाने आखले होते.
निकॉन सगळ्या रकान्यांत पुढं.
एक रकाना मात्र आखायचा राहिला होता.

नऊ वर्षांची असताना पऱ्हाटी उपटताना
काडी उजव्या डोळ्यात गेली. तेव्हापासून
माझं सगळं बघणं डाव्यानं.
निकॉनचं मीटर जागं करायचं तर
फिल्म ओढायची दांडी थोडी बाहेर काढून ठेवावी लागते.
उजव्यानं बघणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.
मी डावा डोळा लावला, आणि दांडी
बरोबर तिथंच आली.
काचेपलीकडून मुफद्दलभाई विचारत होते, काय झालं?
काही नाही म्हटलं. पुन्हा काडी.

पेन्टॅक्सची दांडी अंग चोरून बसते.

घ्यायच्या आधी मागचं दार उघडून बघावं,
हे मी वहीत लिहिलं होतं.
उघडायच्या आधी रिळाची घुंडी फिरवून बघावी,
हेही लिहिलं होतं, पुढच्या पानावर.

दार उघडलं.
फोमचं डांबर झालेलं, बोटाला चिकटलं,
आणि आत रीळ.
आडवी ताणलेली, करड्या पोटाची,
दारातलं सगळं ऊन तिच्यावर.
मी दार दाबून लावलं. किती वेळ गेला?
दीड सेकंद. जास्त नाही.

"काहून वो पोरी, बिघडलं का काई?"

वरचे दोनतीन गेले असतील, मी म्हटलं,
आतल्या वेढ्यांतले राहिले असतील कदाचित.
"काय राहिले असतीन?"
फोटो, काकू. त्यांनी काढलेले.
काकू डब्याचं झाकण लावत होत्या.
ते काही केल्या बसेना.
मग त्या म्हणाल्या, शेवटचं लग्न तं झाडेपारचं होतं,
पन तवा ह्यो कॅमेरा नेलाच नोता त्यायनं.

किंमत दोघींनीही काढली नाही.
रीळ गुंडाळून काढली, तंबाखूच्या डबीत घातली,
डबी त्यांचीच.
मंगळवारी सातऱ्याला सुट्टी, नागपूरची बस सातला.
धुऊन देतो, मुफद्दलभाई फोनवर म्हणाले,
हमी मात्र देत नाही,
आणि निकॉनचं काय ठरलं?

पेन्टॅक्स सध्या तांदळातच आहे.
काकूंच्या.